काळा दगड आणि चढणारी पावले

किल्ल्यांचा इतिहास आपण बहुधा राजांच्या नावांनी वाचतो. कोणत्या साली कोणी किल्ला घेतला, कोणी गमावला, कोणी त्याचे नाव बदलले, ही जंत्री शाळेपासून पाठ असते. परंतु त्या डोंगरावर मुळात चढले कोण, कसे चढले आणि कशासाठी चढले, हा प्रश्न आपल्या इतिहासलेखनात क्वचितच विचारला जातो. राजा पालखीतून किंवा हत्तीवरून पायथ्याशी येतो. डोंगर चढतात ते पाथरवट, पाणके, शिपाई, फकीर, प्रवासी आणि पळून आलेले गुलाम. त्यांची नावे शिलालेखावर नसतात. म्हणून डोंगराचा इतिहास पावलांच्या बाजूने वाचून पाहावा, असे आम्हाला वाटते. औरंगाबाद शहर, ज्याचे शासकीय नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे, त्यासाठी फार सोयीचे आहे. या शहराच्या चहूबाजूंनी डोंगर आहेत, आणि त्या डोंगरांची कथा थेट हिंदी महासागरातल्या बेटांपर्यंत जाऊन पोहोचते.

आगीचे थर

सुरुवात माणसाच्याही आधीपासून करावी लागेल. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राची जमीन ठिकठिकाणी भेगाळली आणि त्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला. चित्रातल्यासारखा एखादा शंकूच्या आकाराचा पर्वत फुटला आणि त्यातून धूर निघाला, असा हा प्रकार नव्हता. लांबच लांब भेगांतून रस पाझरला, मैलोन्‌मैल पसरला, थंड झाला. मग त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. असे थर साचत साचत दख्खनचे पठार तयार झाले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी या काळ्या दगडाने व्यापली आहे, आणि सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन हजार मीटरच्या पुढे जाते. भूशास्त्रज्ञ या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. या शब्दाचे मूळ युरोपच्या उत्तरेकडील भाषांत असून त्याचा अर्थ जिना किंवा पायरी असा आहे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना एसटीच्या खिडकीतून डोंगरांकडे पाहिले, तर हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनीच उभे आहेत.

दोन गैरसमज येथेच दूर करायला हवेत. देवगिरीचा डोंगर एकाकी आणि शंकूसारखा दिसतो, त्यामुळे तो विझलेला ज्वालामुखी आहे असे अनेक जण समजतात. तो ज्वालामुखीचे तोंड नाही. आजूबाजूचे थर लाखो वर्षांच्या पावसापाण्याने झिजून गेले आणि मधला हा तुकडा उभा राहिला, इतकेच. तीच गोष्ट लोणारची. बुलढाणा जिल्ह्यातले ते गोल सरोवर पूर्वी ज्वालामुखीचे विवर मानले जाई. पुढे तेथील खडकाचा अभ्यास झाला आणि ते अवकाशातून आलेल्या उल्केच्या आघाताने, या काळ्या दगडातच पडलेले विवर आहे हे सिद्ध झाले. दिसते तेच खरे असते असे नाही, हा धडा इतिहासाप्रमाणे दगडही शिकवतो.

या दगडाचा एक गुण आपल्या प्रदेशाच्या इतिहासाला वळण देणारा ठरला. तो कठीण आहे, पण थरांचा आहे. दोन थरांच्या मध्ये कोठे तांबूस मातीचा पट्टा असतो, कोठे भेगा असतात, त्यांतून पाणी झिरपते. कठीण असल्यामुळे त्यात लेणी कोरता आली आणि ती टिकली; उभे कडे तासता आले; आणि भेगांतले पाणी अडवून शहर वसवता आले. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात डोंगर वरून खाली कोरत घडवले गेले. म्हणजे ते घडवणारे कारागीर आधी डोंगरमाथ्यावर चढले आणि मग छिन्नी चालवत खाली उतरले. गिर्यारोहणाच्या इतिहासात या पाथरवटांचा उल्लेख कोणी करीत नाही. आमच्या मते तो पहिल्या पानावर यायला हवा.

देवगिरीची चढण आणि तंजाचा प्रवासी

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात यादव राजा पाचवा भिल्लम याने देवगिरीला राजधानी केले. १२९६ साली अलाउद्दीन खिलजीची स्वारी आली, १३१८ पर्यंत यादवांचे राज्य संपले, आणि १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने येथे आपली दुसरी राजधानी थाटून तिला दौलताबाद नाव दिले. राजे बदलले, चढण तीच राहिली. सुमारे दोनशे मीटर उंचीचा डोंगर. खालच्या भागात चहूबाजूंनी तासून उभा केलेला कडा. कड्याच्या पायाशी खंदक. आणि वर जायला डोंगराच्या पोटातून काढलेली अंधारी वाट. कड्याला धरायला खाच नाही, पाय ठेवायला कपार नाही. ती मुद्दाम ठेवलेली नाही. चढणाऱ्याला रोखण्यासाठी डोंगराची त्वचाच सोलून काढलेली आहे.

हा कडा पाहणाऱ्यांत एक पाहुणा होता इब्न बतूता. मोरोक्कोतल्या तंजा शहराचा हा प्रवासी चौदाव्या शतकाच्या पाचव्या दशकाच्या आरंभी दिल्लीहून निघून दौलताबादेत आला. सपाट मैदानात उभा असलेला खडक, तासलेल्या कड्यावरचा किल्ला, आणि वर जाण्यासाठी असलेली चामड्याची शिडी, जी रात्री वर ओढून घेतली जाई, याचे वर्णन त्याने केले आहे. किल्ल्यातल्या अंधारकोठड्यांत मांजरांहून मोठे उंदीर असल्याचेही तो सांगतो. या भागातल्या मराठ्यांचा, येथल्या बाजाराचा, संगीताचाही उल्लेख त्याच्या वृत्तान्तात आहे. आपल्या मातीचे असे वर्णन करणारा परका माणूस आपला वाटू लागतो, तो यामुळेच.

पण त्याची पुढची वाट जास्त महत्त्वाची आहे. दौलताबादहून तो नंदुरबार, खंबायत, कोकण-मलबारचा किनारा असे करीत मालदीव बेटांवर पोहोचला, तेथे काही काळ काझी राहिला, आणि १३४४ च्या सुमारास सरनदीबला, म्हणजे श्रीलंकेला गेला. तेथे त्याला एकच ओढ होती : हजरत आदम यांच्या पावलाचा ठसा ज्या शिखरावर असल्याचे सांगितले जाई, ते शिखर चढणे. त्याच ठशाला बौद्ध बुद्धाचे पाऊल मानतात, हिंदू शिवाचे मानतात, ख्रिस्ती परंपरा सेंट थॉमसचे नाव घेते. शिखराची उंची २,२४३ मीटर. वाटेवर कड्याला लोखंडी साखळ्या ठोकलेल्या होत्या आणि त्या धरून चढावे लागे. अशा दहा साखळ्या असल्याचे इब्न बतूता सांगतो. दहावीचे नाव शहादतची साखळी. कारण तेथे पोहोचून माणसाने खाली पाहिले, की पडण्याच्या भीतीने तो कलमा पढू लागतो! गिर्यारोहणाचे इतके प्रांजळ वर्णन त्या काळात दुर्मीळ आहे. उंचीची भीती लपवण्यात त्याला शौर्य वाटले नाही, आणि एकाच ठशापाशी चार धर्मांची माणसे जमतात याचे त्याला ओझेही वाटले नाही.

सरनदीबचे ते शिखर ज्वालामुखीचे नव्हे. ते आपल्या दगडाहून कितीतरी प्राचीन अशा खडकाचे आहे. पण मालदीवची गोष्ट वेगळी आहे. ती बेटे प्रवाळांची असली तरी त्यांच्या तळाशी, खोल समुद्राखाली, ज्वालामुखीच्या दगडाची एक लांब रांग आहे. आणि ती रांग आपल्याच नात्यातली आहे.

एकाच चुलीवरची बेटे

आज भूशास्त्रज्ञांचे सर्वसाधारण मत असे आहे, की दख्खनचा लाव्हा पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त स्रोतातून वर आला. भारताची भूमी त्या वेळी आजच्यापेक्षा खूप दक्षिणेला होती आणि उत्तरेकडे सरकत होती. भूमी सरकत राहिली, खालची चूल जवळपास जागेवरच राहिली. तव्यावरची भाकरी सरकवत नेली तर जाळाचा डाग जसा लांबत जाईल, तसे झाले. आधी दख्खन, मग लक्षद्वीप आणि मालदीवच्या तळाची रांग, मग छागोस, मग सुमारे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस, आणि त्यानंतर रियुनियन. रियुनियन बेटावरचा पितोन द ला फुर्नेज हा ज्वालामुखी आजही जागा आहे. २,६३२ मीटर उंचीचा हा डोंगर जगातल्या सर्वाधिक सक्रिय ज्वालामुखींपैकी एक असून त्याच्या काठाने चालण्यासाठी देशोदेशीचे पर्यटक जातात. ज्या आगीने देवगिरी घडवली तिची ऊब पाहायची असेल, तर तेथे जावे लागेल.

मॉरिशसची ओळख मराठी वाचकाला नव्याने करून द्यायला नको. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर तेथे उसाच्या मळ्यांवर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले आणि देशावरचे मराठी लोकही होते. त्यांच्या वंशजांनी आजही मराठी शाळा, मराठी गाणी, गणेशोत्सव टिकवला आहे. त्यांच्याही आधी तेथे पोहोचले होते हिंदी खलाशी. पोर्ट लुई शहरातली खलाशांच्या वस्तीची मशीद एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. पुढे कच्छ आणि सुरतेकडचे व्यापारी आले. शेजारच्या रियुनियनमध्येही गुजराती मुसलमान स्थिरावले आणि १९०५ साली त्यांनी सेंट डेनिस शहरात नूर-ए-इस्लाम मशीद बांधली. रियुनियन हा फ्रान्सचा भाग असल्याने ती फ्रान्सच्या भूमीवरच्या सर्वांत जुन्या मशिदींत गणली जाते. दख्खनच्या काळ्या दगडावरून निघालेला मजूर जहाजातून उतरला, तो पुन्हा त्याच चुलीतून निघालेल्या काळ्या दगडावर. मळ्यासाठी जमीन मोकळी करताना त्याने जे धोंडे वेचून रचले, त्यांचे ढीग मॉरिशसच्या शेतांत आजही दिसतात.

या बेटांचे डोंगर उंचीने फार नाहीत, पण चढायला अवघड आहेत. मॉरिशसचे सर्वोच्च शिखर ८२८ मीटरचे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्मे. क्यूरपीप शहराजवळ एका विझलेल्या ज्वालामुखीचे खरेखुरे विवर आहे. त्याच्या काठावरून लोक सकाळचा फेरफटका मारतात. पीटर बॉथ नावाच्या शिखराच्या टोकावर माणसाच्या डोक्यासारखी एक प्रचंड शिळा तोललेली आहे. १८३२ साली काही इंग्रज अधिकारी दोर आणि शिड्या लावून तिच्यावर चढले आणि त्याची मोठी वाहवा झाली. १८३६ साली चार्ल्स डार्विन बेटावर उतरला, तेव्हा तोही ‘ल पूस’ म्हणजे अंगठा नावाच्या डोंगरावर चढून आला. हा झाला गोऱ्या साहेबांच्या गिर्यारोहणाचा इतिहास. तो लिहिलेला आहे, छापलेला आहे.

परंतु त्याच बेटावर आणखी एक डोंगर आहे, ज्याच्या चढाईची नोंद चढणाऱ्यांनी केली नाही. नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला ल मोर्न ब्राबाँ. उंची ५५६ मीटर, कडे जवळजवळ उभे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी आफ्रिका, मादागास्कर आणि आशियातून आणलेले गुलाम मळ्यांतून पळून या डोंगराच्या कपारींत आणि माथ्यावर लपून राहत. त्यांच्यापाशी दोर नव्हते, पायात खिळ्यांचे बूट नव्हते. मागे शिकारी कुत्रे आणि बंदुका होत्या. १८३५ साली बेटावर गुलामगिरी संपली. लोककथा सांगते, की सुटकेची बातमी द्यायला निघालेले शिपाई पाहून वरच्या माणसांना वाटले आपल्याला पकडायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. कथेतला प्रत्येक तपशील इतिहासाच्या कसोटीला उतरेल असे नाही, पण त्या डोंगरावर पळालेल्या गुलामांचा वावर होता हे निश्चित आहे. २००८ साली युनेस्कोने ल मोर्नला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो गुलामांच्या या प्रतिकाराची आठवण म्हणून. नाव नसलेल्या पावलांचा असा सन्मान जगात फार थोड्या डोंगरांना मिळाला आहे. रियुनियनच्या अंतर्भागातली माफात ही दरीही अशाच पळालेल्या गुलामांनी वसवली. तेथे आजसुद्धा मोटाररस्ता नाही. पायीच जावे लागते.

डोंगराने घडवलेला गुलाम

ल मोर्नची कथा वाचताना औरंगाबादच्या माणसाला मलिक अंबर आठवल्याखेरीज राहत नाही. १५४८ च्या सुमारास हबशाच्या देशात, आजच्या इथिओपियात, तो जन्मला. त्या देशाच्या पठाराचा मोठा भागही सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी अशाच लाव्ह्याच्या थरांनी घडलेला आहे, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत बदलत बगदादमार्गे दख्खनला आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी राहिला. हा चंगीझखान स्वतःही हबशी होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेले, तेव्हा संपत आलेल्या निजामशाहीला त्याने पुन्हा उभे केले ते डोंगरांच्या आधाराने. समोरासमोरच्या लढाईत मोगली तोफखान्यापुढे टिकाव लागणे शक्य नव्हते. म्हणून हलक्या घोडदळाच्या मराठा तुकड्या, रसद तोडणे, अचानक छापा आणि घाटवाटांनी पसार होणे, ही पद्धत त्याने वापरली. मालोजी आणि शहाजी भोसले त्याच निजामशाहीच्या सेवेत होते. डोंगर कसा वापरावा हे ज्ञान कोणत्या एका जातीची किंवा धर्माची मिरास नव्हती. ते दख्खनच्या मातीत एकमेकांकडून शिकले गेले.

१६१० साली अंबरने खडकी गाव वसवले. नावातच खडक आहे. डोंगरांनी वेढलेल्या या खडकाळ जागी पाणी कोठून येणार, म्हणून दरबारी लोकांनी शंका घेतली असेल तर नवल नाही. अंबरने उत्तरेकडच्या डोंगरांत झिरपणारे पाणी जमिनीखालच्या नहरीतून, ठिकठिकाणी बंबे उभारून, केवळ उताराच्या आधाराने शहरापर्यंत आणले. नहर-ए-अंबरी ती हीच. डोंगराच्या थरांतून पाणी कसे चालते हे ज्याला कळले त्यालाच अशी नहर सुचते. गुलाम म्हणून आलेल्या माणसाने या दगडाचा स्वभाव तेथे जन्मलेल्यांपेक्षा अधिक नेमका ओळखला होता. १६२६ साली तो वारला आणि खुलताबादेत, डोंगरमाथ्यावर दफन झाला. त्यानंतर सात वर्षांनी, १६३३ मध्ये, दौलताबाद मोगलांनी घेतली.

मॉरिशसच्या गुलामांना डोंगराने लपायला जागा दिली. अंबरला डोंगराने राज्य चालवायला जागा दिली. दोघांचा मुलूख हिसकावला गेला होता आणि दोघांनी परक्या डोंगराला आपले केले. मग परका कोण आणि भूमिपुत्र कोण, हे ठरवण्याचा अधिकार कागदाला द्यायचा की पावलांना? हा प्रश्न आज आपल्यालाही टाळता येणार नाही.

माथ्यावरचे फकीर

खुलताबादचे पठार हे चढणीच्या इतिहासातले आणखी एक प्रकरण आहे. दौलताबादहून घाट चढून गेले की हे गाव लागते. चौदाव्या शतकाच्या आरंभी हजरत मुंतजिबुद्दीन जर जरी जर बख्श येथे आले. १३०९ साली त्यांचा इंतकाल झाला. पुढे त्यांचे बंधू हजरत बुरहानुद्दीन गरीब आले. त्यांचा इंतकाल १३३७ चा. निजामुद्दीन औलियांच्या बैठकी लिहून ठेवणारे कवी अमीर हसन सिजझी यांची कबर येथेच आहे. किल्ल्याच्या डोंगरावर सत्ता बसली आणि शेजारच्या माथ्यावर फकिरी बसली. किल्ल्याची वाट कडा तासून बंद केलेली, तर दर्ग्याची वाट सर्वांना खुली. उरुसाला आजही सगळ्या धर्मांची माणसे हा घाट चढतात. हिंदुस्थानच्या बादशहाने, औरंगजेबाने, १७०७ साली आपल्यासाठी या माथ्यावरची एक साधी उघडी कबर मागितली, त्यातही या दोन वाटांमधला फरक दिसतो.

आता चढणार कोण?

इतका सारा वारसा असताना आपल्या समाजातली मुले डोंगरावर का दिसत नाहीत? उरुसाला घाट चढतात, सुट्टीत मित्रांबरोबर किल्ल्यावर फोटो काढतात. पण गड अभ्यासणे, कडा शिकून चढणे, हिमालयाकडे जाणे, हे आपले नव्हे अशी एक समजूत घरात आणि मोहल्ल्यात रुजली आहे. त्याला बाहेरचे कारणही आहे. गडाचा इतिहास गेली कित्येक वर्षे दोन धर्मांच्या झुंजीसारखा सांगितला गेला. त्यामुळे मुसलमान पोराला गडावर आपण पाहुणे आहोत असे वाटू लागते, आणि कधी कधी तसे जाणवूनही दिले जाते. ज्या किल्ल्यांच्या भिंतींवर फारसी आणि देवनागरी अक्षरे शेजारी शेजारी आहेत, त्यांच्यावर कोणी पाहुणा कसा असेल?

या समजुतीला औरंगाबादच्याच एका पोलीस शिपायाने उत्तर दिले आहे. ग्रामीण पोलीस दलातले रफिक शेख २०१४ साली एव्हरेस्टवर निघाले. त्या वर्षी १८ एप्रिलला खुंबू हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून सोळा शेर्पा आणि कामगार ठार झाले आणि मोहिमा थांबल्या. २०१५ साली ते पुन्हा गेले. २५ एप्रिलला नेपाळचा भूकंप झाला आणि तळछावणीवर हिमलोट आला. तिसऱ्यांदा, मे २०१६ मध्ये, त्यांनी शिखर गाठले. दोनदा मृत्यू शेजारून गेल्यावर तिसऱ्यांदा निघायला काय लागत असेल, याची कल्पना आपण घरात बसून करू शकत नाही. दहाव्या साखळीपाशी कलमा पढणारा इब्न बतूता आणि हा शिपाई यांच्यात पावणेसातशे वर्षे आहेत, पण भीती ओळखून पुढचे पाऊल टाकण्याची रीत तीच आहे.

दुसरे उदाहरण मनीषा वाघमारे यांचे. औरंगाबादच्या या गिर्यारोहक २०१७ साली शिखराच्या अगदी जवळून खराब हवामानामुळे परतल्या आणि २०१८ च्या मे महिन्यात वर पोहोचल्या. शिखर समोर दिसत असताना मागे फिरण्याचा निर्णय घेणे ही गिर्यारोहणातली सर्वांत अवघड विद्या मानली जाते. आपल्या वस्तीतल्या किती मुलींना मनीषाताईंचे नाव ठाऊक आहे? ठाऊक असले तरी त्यांच्यासारखे करू का, असे विचारण्याची सोय किती घरांत आहे?

येथे बाहेरच्यांना दोष देऊन भागणार नाही. मुलगी डोंगरावर जाईल म्हटले की आपल्याकडे कपडे, सोबत, लोक काय म्हणतील, असे प्रश्न निघतात आणि कधी कधी त्यांना दीनचा आधार दिला जातो. ज्या दीनमध्ये हजला जाणारा प्रत्येक पुरुष आणि प्रत्येक स्त्री सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालते, ती कोणाच्या आठवणीने? तान्ह्या लेकरासाठी पाणी शोधत या टेकड्यांवर धावणाऱ्या बीबी हाजरा यांच्या. त्या एकट्या होत्या, परमुलखात होत्या, परंपरेनुसार दासीही होत्या. एका बाईच्या चढणीला साऱ्या उम्मतने इबादतीचा भाग मानले. हिरा गुहेचा जबल-ए-नूरही चढूनच गाठावा लागतो. असा वारसा असलेल्या समाजाने मुलीला टेकडी चढू न देणे, हे कोणत्या तर्कात बसते?

आम्ही हे भावनेने बोलत नाही. मार्ग उपलब्ध आहेत. दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था १९५४ पासून आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून तरुणांना आणि तरुणींना शास्त्रशुद्ध शिक्षण देत आल्या आहेत. एव्हरेस्ट चढणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री बचेंद्री पाल याच उत्तरकाशीच्या परिसरातल्या. तेथपर्यंत जाण्याआधी पहिली शाळा आपल्या दारात आहे. गोगाबाबा टेकडीवर फजरनंतर चढावे. शहराजवळच्या लेण्यांपर्यंत चालत जावे. मग देवगिरी, मग कन्नड तालुक्यातला अंतूर, मग कळसूबाई. प्रत्येक ठिकाणी जाताना तेथला दगड कोणता, वाट कोणी काढली, पाणी कोठे साठवले, हे विचारावे. मदरशांनी, उर्दू आणि मराठी शाळांनी वर्षातून एक सहल बागेऐवजी गडावर न्यावी आणि तीत मुलगे-मुली दोघांनाही घ्यावे. आणि जाताना कोळसा, खिळे, रंग घरी ठेवावेत. देवगिरीच्या अंधारीपासून बारादरीपर्यंत दगडांवर खरडलेली नावे सगळ्या जातिधर्मांची आहेत. त्या एका बाबतीत मात्र आपली एकात्मता लाज आणणारी आहे. ज्यांनी हे कडे तासले त्यांनी आपली नावे लिहिली नाहीत. आपण तरी का लिहावीत?

काळ्या दगडाला गाव, भाषा, धर्म ठाऊक नाही. तो यादवांच्या पायाखाली होता, तुघलकांच्या होता, अंबरच्या होता, भोसल्यांच्या होता. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुराच्या अनवाणी पायांखालीही तोच होता. ज्याने त्यावर घाम गाळला त्याचा तो झाला. उद्या तो आपल्या मुलांचा आणि मुलींचा व्हायचा असेल, तर त्यांना सनद मिळवून देण्याची गरज नाही. सकाळी लवकर उठवून, पाण्याची बाटली हातात देऊन, टेकडीकडे पाठवण्याची तेवढी गरज आहे.